आमची वाटचाल : दाण्यावरून पानाकडे

आमची पेढी नागपूरच्या इतवारीतली, धंदा सुट्या चहाच्या मिश्रणाचा. गिऱ्हाईक मुख्यतः टपरीवाले आणि किराणा दुकानदार. सुरुवातीची वर्षं खरेदी दाणा पाहून व्हायची. काळाभोर, घट्ट, एकसारखा दाणा दिसला की माल घेतला. पण तीच बाग, तोच बीपी ग्रेड (ब्रोकन पेको, म्हणजे दाण्याच्या आकारावरून ठरणारी प्रत), आणि जूनचा माल दुधाला उभा राहतो तर ऑगस्टचा पाणचट निघतो, याचं उत्तर दाण्यात सापडेना. आता आम्ही आधी तोडणीचा महिना विचारतो, दाणा नंतर बघतो.

चहाचा रंग आणि तुरटपणा पानातल्या पॉलिफेनॉलमधून येतो. कळी आणि पहिल्या पानात ते भरपूर, सुक्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या पानात ते उतरतं आणि तंतू वाढतो. ‘दोन पानं, एक कळी’ म्हणतात ते यासाठी. तोडणीची फेरी साधारण सात दिवसांची. ती बारा दिवसांवर गेली की पान जून, म्हणजे राठ, होतं. सीटीसी यंत्र, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून दाणा करणारं यंत्र, मात्र कोवळं-जून सगळं सारखंच वळवतं, म्हणून दाणा फसवतो. चिमूटभर चहा पांढऱ्या कागदावर पसरा आणि बोटानं हलवा. लालसर काड्या आणि हलकी तुसं जास्त दिसली तर पान जून होतं, भाव कितीही गोड असो.

आता महिन्याचं. आसामात हिवाळ्यात दिवस सव्वाअकरा तासांहून लहान झाला आणि काही आठवडे तसाच राहिला की झुडपाची वाढ थांबते. मार्चमध्ये पहिली फूट येते, मेअखेर ते जूनमध्ये दुसरी. आमच्या कामाची दुसरी: अंगानं जाड, रंगाला तेज. जुलै ते सप्टेंबरच्या पावसात कोंब झपाट्यानं वाढतात, पण कस विरळ होतो. त्यात ओल्या हवेत पान नीट कोमेजत नाही. सीटीसीसाठी त्यातलं पाणी सत्तर टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं; ते नाही जमलं तर पुढची सगळी प्रक्रिया बिघडते. दक्षिणेतला निलगिरीचा डोंगर साधारण 11 अंश अक्षांशावर, तिथे दिवस इतका लहान होतच नाही. तोडणी बारा महिने चालते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड कोरड्या हवेत पान सावकाश वाढून सुगंध धरतं. म्हणून वर्षाचा कणा आम्ही जूनच्या आसामवर बांधतो आणि वासासाठी हिवाळी निलगिरी घालतो. दार्जिलिंग घेतच नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन त्याची नाजूक चव गिळून टाकतं. टपरीच्या पातेल्यात ते पैसे वाया.

नमुना चाखताना 100 मिली उकळतं पाणी, 2 ग्रॅम चहा, 6 मिनिटं. मग दूध घालून रंग बघायचा. तांब्यासारखा लालसर आला तर आंबवण, म्हणजे चिरडलेलं पान हवेत ठेवून रंग धरू देणं, नीट झालं आहे. मातकट तपकिरी आला तर चिरडलेलं पान जास्त वेळ किंवा जास्त उष्णतेत राहिलं. चमक देणारं थेअफ्लेविन तिथेच गेलं, ते नंतर कशानंही परत येत नाही. हीच चाखणी आम्ही दोन पाण्यांवर करतो, नळाच्या आणि बोअरच्या. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट कोऱ्या चहावर साय धरतात आणि रंग मळवतात. बोअर वापरणाऱ्या टपरीला म्हणून वेगळं, जास्त कडक मिश्रण.

मिश्रणात एक चूक सर्रास होते: जाड दाणा आणि डस्ट, म्हणजे भुकटीसारखा बारीक चहा, एकत्र. डस्ट लवकर रंग सोडते, खरं. पण गोणी हलली की तळाशी बसते. मग वरचं पाकीट फिकं, खालचं कडू. आम्ही जवळच्या आकाराचेच ग्रेड मिसळतो. ड्रम आठ-दहा मिनिटंच फिरवायचा. जास्त फिरवला तर दाणाच फुटून डस्ट होते.

कारखान्यातून चहा निघतो तेव्हा त्यात साधारण 3 टक्के ओल असते. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ओल लागत नाही, पण टिनाच्या शेडखाली वास उडतो. जुलैत गोणी उघडी राहिली तर दाणा मऊ पडतो आणि चव शिळी होते. शिवाय चहा शेजारचा वास ओढून घेतो. संत्र्याच्या पेट्या किंवा मिरचीची पोती असलेल्या गाडीत आम्ही माल चढवत नाही.

गिऱ्हाईक विचारतात, इथे चहा का पिकत नाही? झाडाला साडेचार ते साडेपाच सामूची आम्ल माती लागते. आपली काळी माती चुनखडीची. तीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या बागेत संत्र्याचं पान शिरा हिरव्या ठेवून पिवळं पडतं ना, चहाचं त्याहून लवकर पडेल.