‘ब’ने गज आपटायचा, तो आता थांबलाय (बहुतेक)

व्हायोलिन वाजवता वाजवता तोंडाने बीटबॉक्स करून तबल्याचा ठेकाही धरायचा, हा माझा खटाटोप. मागच्या नोंदीत ‘आठ दिवसांत ठेका बसवतो’ असं ठोकून दिलं होतं. सहा आठवडे झाले. पण परवा रात्री तीनतालाची चार आवर्तनं लहऱ्यासकट (ठेक्यासोबत गजावर फिरत राहणारी धून) सलग निघाली, लय मिनिटाला ६० मात्रा. म्हणून ही घाईची नोंद.

रडगाणं जुनंच. तोंडाने ‘ब’ (डग्ग्याच्या जागचा ठोका) मारला की उजवा कोपर खाली, गज तारेवर आपटलाच. धा-धिं-धिं-धा म्हणजे चार मात्रांत चार ओरखडे. आधी राग गजावर काढला. केस बदलले. दुकानदाराने गळ्यात मारलेलं महागडं रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) घासून पाहिलं. नुसती पावडर उडते, जुनी स्वस्त वडीच बरी. मग मनगट धरलं, तीन आठवडे सा-प-सा-प मोकळ्या तारा घासल्या. फरक शून्य.

कारण सापडलं आईला. वाल सोलता सोलता म्हणाली, “अरे, सारखं पोट काय आत ओढतोस? उचकी लागलीय का?”

हात ठेवून बघितला तर खरंच. माझा प्रत्येक ‘ब’ फुप्फुसातून येत होता. पोट आवळलं की खांदा आवळतो, खांद्यामागे कोपर. बीटबॉक्सच्या किकला, म्हणजे या ‘ब’ला, ती हवा लागतच नाही. घसा बंद, ओठ बंद, आणि तोंडात कोंडलेली हवा तेवढी ढकलायची. जमतंय का ते श्वास रोखून दहा ‘ब’ मारले की कळतं. माझे तीन झाले आणि हवा गुल. मग रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत हाच रियाज. शेजारचे गृहस्थ दोनदा जागा बदलून गेले.

खाली बसून, व्हायोलिन पायावर टेकवून वाजवायची बैठक घेतली, त्याचा फायदा आता कळतोय. (ते लिहिलं त्या नोंदीखाली ज्यांनी ‘उभ्यानेच वाजव’ म्हणून सुनावलं होतं, त्यांना नमस्कार.) चेलोवादक केव्हिन ओलुसोलाने २०११ मध्ये मार्क समरच्या ‘ज्युली-ओ’ या चेलोच्या रचनेवर चेलो आणि बीटबॉक्स एकत्र केलं, ते बघूनच आपण सगळे या नादी लागलो. पण चेलो गुडघ्यांत असतो, त्याचा जबडा मुळातच मोकळा. व्हायोलिन हनुवटीखाली दाबून ‘ब’ मारला की अख्खं वाद्य हलतं. पायावर टेकवलं की प्रश्नच मिटतो.

राहिला श्वास. तिथे तीनतालाची ‘खाली’ (ठेक्यातला हलका भाग) धावून आली. १० ते १३ या मात्रा, तिं-तिं-ता-ता, डग्गा नाही, म्हणजे ‘ब’ नाही. तिथे ‘क’ आत ओढून मारायचा: आवाजही होतो, श्वासही भरतो. १३वर हावरटपणे जास्त ओढला तर १४चा धिं फुसका निघतो, तेवढं सांभाळा.

क्लिप माइकवर आवाज अजून फुटतोच. पिएझो पिकअप (वाद्याची कंपनं टिपणारा) वाद्याला आणि माइक फक्त तोंडाला, असं करून बघणार आहे.

पुढे झपताल घ्यायचा ठरवलं होतं. पण आत्ता लिहिता लिहिता बोटांवर मोजलं: झपतालाच्या दहा मात्रांत सलग मोकळ्या (बिनडग्ग्याच्या) मात्रा तीनच, ५, ६, ७. रूपकाच्या सात मात्रांत ७वी मोकळी, आणि पुढच्या आवर्तनाच्या ‘ती-ती-ना’ या पहिल्या तीनही मोकळ्या. सातात चार! झपताल राहू दे. रूपकाचा लहरा शोधायला बसतो.