बातुरवरचा सूर्योदय: पहाटेच्या चढाईसाठी गोव्यातून निघण्याआधी

गोव्यात मृगाचा पाऊस सुरू झाला की डोंगरावर जायचं म्हणजे जळवा, शेवाळ आणि ओढ्यांचं पाणी यांचा विचार आधी करावा लागतो. नेमक्या त्याच महिन्यांत बालीत कोरडा ऋतू असतो, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. त्यामुळे पावसाळ्यात किंवा चवथ आटोपल्यावर बालीला जाणाऱ्यांच्या यादीत हल्ली बातुर असतोच: मध्यरात्री उठायचं, गाइडबरोबर काळोखात ज्वालामुखी चढायचा, वर पोचून सूर्योदय बघायचा. देशात हे करता येत नाही. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि पर्यटकांना तो बोटीतूनच बघावा लागतो.

बातुरची उंची १७१७ मीटर. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर, आपला सोंसोगड, ११६६ मीटरच्या आसपास आहे, म्हणून हा आकडा ऐकून काहीजण बिचकतात. पण चढाई समुद्रसपाटीपासून नसते. गाडी तळ्याकाठच्या तोया बुंगका भागात सोडते आणि बातुर तळ्याचं पाणीच १०३१ मीटरवर आहे. म्हणजे प्रत्यक्ष चढ सहाशे-सातशे मीटरचा, वेळ सुमारे दोन तास. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर पायथ्यापासून पायी दोनदा चढलात तर साधारण तेवढीच उंची होते. तो ज्याला न धापता जमतो त्याला दमाच्या बाबतीत बातुर जड जाऊ नये. जड जातात त्या तीन वेगळ्याच गोष्टी: वरची थंडी, पायाखालची सुटी जमीन आणि उतरण.

जमिनीचं आधी सांगतो, कारण सह्याद्रीत फिरणारे नेमके तिथे फसतात. सत्तरीच्या डोंगरांतला दख्खनचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पसरलेल्या लाव्हाचा. तो घट्ट बसलेला आहे, पाय ठेवला की ठेवला. बातुरचा सुळका भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने कालचा आहे. पूर्वीच्या मोठ्या स्फोटांत डोंगराचा माथा खचून जे प्रचंड खोलगट तयार झालं, त्याच्या आत हा नवा सुळका उभा राहिला. १९२६ च्या उद्रेकात लाव्हाने पायथ्याचं बातुर गाव आणि देऊळ गिळलं. मग गाव आणि पुरा उलुन दानू बातुर हे तळ्याच्या देवी दानूचं मंदिर वर कड्यावर हलवण्यात आलं. १९६३ मधला लाव्हा अजून काळाकुट्ट पसरलेला दिसतो आणि शेवटचा उद्रेक २००० सालचा. इतक्या ताज्या डोंगरावर राख आणि सच्छिद्र दगडांची बारीक खडी सुटीच असते. शेवटच्या टप्प्यात चिरेखाणीतल्या खडीच्या ढिगावर चढल्यासारखं होतं, दोन पावलं वर टाकली की एक खाली. तिथे ढांगा टाकणारा लवकर दमतो. पाऊल छोटं टाकायचं, पूर्ण तळवा टेकवायचा आणि पुढच्या माणसाच्या पायाने दबलेल्या जागेवरच आपला पाय द्यायचा.

आता वेळ. बाली भारताच्या अडीच तास पुढे आहे. बालीच्या मध्यभागातल्या उबुद गावी हॉटेलवर रात्री दोनला गाडी येते तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात साडेअकराच वाजलेले असतात. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या पहाटे हा ट्रेक ठेवू नका, मधे दोन रात्री तरी झोप होऊ द्या. उबुदहून पायथा तासाभराच्या थोडा पुढे, कुटा-सेमिन्याक भागात उतरला असाल तर दोन तास धरा. त्यामुळे आदल्या रात्री उबुदला किंवा सरळ बातुरच्या परिसरातल्या किंतामानीत मुक्काम केलेला बरा. एवढ्यासाठी हॉटेल बदलायला घरची मंडळी कुरकुरतात, पण तासाभराची जास्त झोप त्या पहाटे फार कामाला येते.

बहुतेक टूरवाले वर्षभर चारलाच चढाई सुरू करतात. सूर्य मात्र वर्षभर एका वेळी उगवत नाही. जून-जुलैत बालीचा सूर्योदय साडेसहाच्या सुमारास असतो, ऑक्टोबरच्या मध्याला सहाच्या आसपास आणि नोव्हेंबरात सहाच्याही आधी. जुलैत चारला निघून पावणेसहाला माथ्यावर पोचलात तर पाऊण तास वाऱ्यात बसायचं आहे. ऑक्टोबरात मात्र तेव्हा सूर्य उगवायला जेमतेम पाव तास उरलेला असतो. क्षितिजावर रंग सूर्योदयाच्या चाळीसेक मिनिटं आधीपासून चढायला लागतो, त्यामुळे पोचायची वेळ त्याच्या किंचित आधी धरावी. ऑक्टोबरातलं बुकिंग करताना हे विचारून निघायची वेळ पंधरा-वीस मिनिटं लवकरची करता येते का बघा. खाजगी गाइड असेल तर तो ऐकतो, मोठ्या गटाचा सहसा नाही.

सूर्याची जागाही बदलते. माथ्यावरून आग्नेयेला तळ्यापलीकडे अबांग डोंगर आणि त्याच्या मागे तीन हजार मीटरवरचा आगुंग ज्वालामुखी दिसतो. हवा स्वच्छ असली तर पूर्वेला समुद्रापार लोंबोक बेटावरचा ३७२६ मीटरचा रिंजानीही दिसतो. जून-जुलैत सूर्य रिंजानीच्या बराच डावीकडे उगवतो, ऑक्टोबरात तो जवळपास त्याच दिशेला येतो. आगुंगच्या मागून सूर्य येईल म्हणून तिकडे कॅमेरा रोखून बसलात तर फसाल, बातुरवरून वर्षातल्या कुठल्याच दिवशी तो तिथून उगवत नाही.

थंडीचा हिशेब सोपा आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर पहाटे २४ अंश असतील तर माथ्यावर तेरा. वारा असला की त्याहून कमी वाटतं आणि अंगात घामाने भिजलेला सुती टीशर्ट असला तर दात वाजतात. किनारपट्टीच्या माणसाला तेरा अंश म्हणजे काय याचा अंदाज नसतो, स्वेटर घरी असला तरी तो पेटीच्या तळाशी. मात्र नवी खरेदी फारशी लागत नाही. चढताना एकच पातळ, लवकर वाळणारा शर्ट घाला. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा शर्ट, एक लोकरी किंवा फ्लीसचा थर, कानटोपी आणि आपला पावसाळी रेनकोट ठेवा. रेनकोट वारा अडवतो, पण चढताना घातला तर आतून घामाने भिजवतो, म्हणून तो माथ्यावर पोचल्यावरच अंगात घालायचा. वर पोचल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं नाही. आधी ओला शर्ट बदला. शरीर गरम आहे तोवर दोन मिनिटांत होतं, एकदा गारठलात की पिशवीची चेनसुद्धा उघडवत नाही.

हेडलॅम्प हवाच. गाइड हातात धरायची बॅटरी देतात, पण एक हात त्यात अडकला की घसरताना सावरायला तो मिळत नाही. मोबाइलच्या उजेडात चढणं तर वेडेपणाच, बॅटरी जाते आणि फोनही. बूट घोट्यापर्यंतचे असले तर उत्तम, नसले तर तळव्याची नक्षी खोल असलेले साधे ट्रेकिंगचे बूट चालतात. सॅंडल नको, बोटांच्या फटीत जाणारी खडी काचेसारखी धारदार असते. कोरड्या ऋतूत राख उडते, म्हणून नाकातोंडाला बांधायला पातळ रुमाल घ्या, आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. पाणी माणशी दीड लिटर.

गाइडशिवाय चढायचा विचार सोडून द्या. तिथे स्थानिक गाइडांची संघटना आहे आणि पायथ्याशी एकट्याने निघालेल्यांना अडवतात. यावरून इंटरनेटवर बरीच चिडचिड वाचायला मिळते. दक्षिणा दिल्याशिवाय गाभाऱ्यापर्यंत पोचू न देणारी माणसं आपल्याला ठाऊक आहेत, तेव्हा तो राग समजतो. पण काळोखात फाटे फुटणारी वाट, मधेच वाफ सोडणाऱ्या भेगा आणि ढग उतरला की दहा पावलांपलीकडे काही न दिसणं, यामुळे गाइडचा पैसा मला वसूल वाटतो. बुक करताना मात्र चार गोष्टी लेखी विचारा: गाइडची फी आणि प्रवेशशुल्क पैशांत धरलंय का, एका गाइडमागे किती जण, परतताना कुठल्या वाटेने आणणार, आणि गटातला एखादा मधेच थकला तर त्याच्याबरोबर खाली कोण येणार. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा टूरवाला बहुधा बाकीचंही नीट करतो. एका गाइडमागे चार जण हे चांगलं प्रमाण, सहाच्या वर गेलं की गट सगळ्यात वेगवान माणसाच्या चालीने ओढला जातो. अशा वेळी ‘पलान-पलान’ म्हणा, गाइड लगेच चाल कमी करतो. हळूहळू चला, एवढाच अर्थ.

वाटेत मोटरसायकलवाले अर्ध्यापर्यंत सोडायला तयार असतात. गुडघे दुखत असतील तर लाजू नका, पण रक्कम बसण्याआधी ठरवा आणि सुटे रुपिया जवळ ठेवा. आईवडील बरोबर असतील तर त्यांच्यासाठी जीपची टूर बरी. ती सुळक्यावर चढत नाही, समोरच्या कड्यावरून सूर्योदय दाखवते आणि मग १९६३ च्या काळ्या लाव्हात फिरवून आणते. खरं सांगायचं तर फोटोत बातुरचा आकार तिथूनच जास्त चांगला येतो.

चढताना मळमळलं तर उंचीचा त्रास म्हणून घाबरू नका. तो सहसा अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. इथे कारण असतं अपुरी झोप, रिकामं पोट आणि घाटातली वळणं. गाडीत बसण्याआधी एक केळं खा, दूध घातलेली कॉफी टाळा. वर गाइड नाश्ता देतात: पाव, केळी आणि जमिनीतल्या वाफेवर शिजवलेली अंडी. भेगेत अंडी ठेवून वरून झाकतात आणि काही मिनिटांनी काढतात. श्रावण पाळणाऱ्यांनी आदल्या दिवशीच ‘तान्पा तेलुर’ सांगून ठेवावं, म्हणजे अंड्याशिवाय. अंडी काढायला आपण हात घालू नका, वाफ दिसत नाही तिथेही भाजते. ज्या खोलगट जागेत वाफ साचते तिथे बसूही नका, जड वायू तळाशी राहतात. दमा असणाऱ्याने पंप खिशात ठेवावा, पिशवीत नाही. वर माकडं आहेत आणि त्यांना पिशवीची चेन उघडता येते.

वाटेवर छोट्या देवळ्या लागतात आणि गाइड तिथे पानाच्या द्रोणात फुलं ठेवून पुढे जातो. ते ओलांडू नका, बाजूने जा. आपल्याला हे सांगावं लागू नये, पण काळोखात फुलं पायाखाली येतात.

उतरताना लोक घसरतात, आणि बहुधा शेवटच्या तासात, उजाडल्यावर, गप्पा मारत असताना. निघण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, नाहीतर अंगठा पुढे आदळून नख काळं पडतं. खोल राख असेल तिथे गुडघे किंचित वाकवून टाच रुतवत उतरायचं, ते सोपं आणि मजेचंही. धोका कडक कातळावर पसरलेल्या पातळ खडीचा. तिथे टाच टेकवली की पाय गेलाच. पाऊल आडवं ठेवा, वजन तळव्याच्या मधोमध घ्या, काठी खालच्या बाजूला टेका. दोघांत चार-पाच मीटरचं अंतर ठेवा, कारण वरच्याने सोडलेला दगड खालच्याच्याच घोट्यावर येतो. सुटला तर ओरडून सांगा.

ढगांपुढे कुणाचं चालत नाही. कोरड्या ऋतूतही एखादी सकाळ पांढरी निघते, आणि टूरवाले त्याचे पैसे परत देत नाहीत, द्यायचं कारणही नाही. पण सात-साडेसातला ढग फाटतो असं पुष्कळदा होतं, म्हणून उजाडल्याबरोबर खाली पळणाऱ्या गटात अडकू नका. विवराच्या कडेने चक्कर मारायची वाट गाइडला विचारा, ती अरुंद आहे पण जमिनीतून निघणारी वाफ तिथे जवळून दिसते.

निघण्याच्या आठवड्यात इंडोनेशियाच्या ज्वालामुखी खात्याचा इशारा बघून घ्या. चार पातळ्या असतात: नॉर्मल, वस्पादा, सियागा, आवास. नॉर्मलच्या वर काही असेल तर ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या टूरवाल्याचं ऐकू नका. डिसेंबर २०२३ मध्ये सुमात्रातला मरापी दुसऱ्या पातळीवर असतानाच उसळला आणि वीसहून जास्त गिर्यारोहक दगावले. प्रवासविमाही उघडून वाचा, बऱ्याच पॉलिसींत ट्रेकिंग वगळलेलं असतं किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते.

शेवटी डायव्हिंगवाल्यांसाठी. गोव्यात ग्रँड आयलंडला डाइव्ह करून समुद्रसपाटीवरच घरी परततो, म्हणून हा मुद्दा सुचत नाही. बालीत आदल्या दिवशी तुलांबेनला बुडी मारून पहाटे १७१७ मीटरवर चढणं म्हणजे विमानात बसण्यासारखंच आहे, हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एक डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास मधे जाऊ द्या. दुपारी तीनची डाइव्ह आणि पहाटे चारची चढाई हा हिशेब कागदावर तेरा तासांचा दिसतो, पण गाडी अडीचलाच घाट चढू लागलेली असते. सहलीचा क्रम आपल्याच हातात असेल तर बातुर आधी ठेवा.