फोटो खालून काढा

पावसानं जरा उघडीप दिली की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर झाडांच्या खोडांचे फोटो यायला लागतात. कुणी पन्हाळ्यावर फिरायला गेलेलं असतं, कुणी आंबा घाटात, कुणी गगनबावड्याच्या रस्त्यावर चहाला थांबलेलं. खोडातून अर्धगोल, तपकिरी, टणक असं काहीतरी बाहेर आलेलं असतं आणि खाली प्रश्न, "ताई, हे कुठलं?" बहुतेक फोटो वरून काढलेले. वरून बघून अशा अळंबीचं नाव मी सांगत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. खाली वाका, खालून फोटो काढा, मग बोलू.

आमची लाकडाची वखार आहे. आबांनी सुरू केली, आता हिशेब मी बघते. ओंडका घेताना घनफुटावर पैसे मोजायचे आणि करवतीवर चढवल्यावर आतून पांढरा भुसा निघायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. लाकूड आतून खाते ती बुरशी, आणि खोडावर दिसणारी अळंबी तिचंच बाहेर आलेलं फळ. मी बुरशीकडे वळले ती त्यापायी. निसर्गाची आवड वगैरे नंतरची. करवतीवरचे आमचे मामा कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ओंडक्यावर दोन ठोके देतात आणि सांगतात, "ह्यो आतनं गेलाय बगा." आवाज बद्द आला की माल परत. पण उभ्या झाडाला मामा आधी चहूबाजूंनी निरखतात, बुंध्याशी अळंबी आहे का ते बघतात, आणि ठोका त्यानंतर.

आपल्या भागात वरचेवर भेटणारी अळंबी म्हणजे गॅनोडर्मा. फिनलंडच्या पेटर कार्स्टेन यांनी १८८१ मध्ये हे नाव दिलं. ढोबळमानानं दोन तऱ्हा लक्षात ठेवल्या तरी पुरे. एकीला वरून व्हार्निश मारल्यासारखी चमक असते, रंग तांबूस, आणि बऱ्याचदा बाजूला आखूड देठ. दुसरी बिनदेठाची, मातकट तपकिरी, वर वाढीचे गोलाकार कंगोरे, आणि ती वर्षानुवर्षं त्याच खोडावर जाड होत राहते. या दोन तऱ्हांमध्ये नेमकी जात कुठली, हे सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, बघितल्याशिवाय ठरत नाही. तिथं मी गप्प बसते.

आता खालची बाजू. नेहमीच्या छत्रीसारख्या अळंबीला खाली पातळ पातळ पदर असतात, हिला ते नसतात. सपाट पांढरा पृष्ठभाग दिसतो. भिंग लावलं तर त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं, एका मिलिमीटरमध्ये चार-सहा. वाढत्या अळंबीच्या या पांढऱ्या भागावर नखानं हलकी रेघ ओढा. रेघ तिथल्या तिथं तपकिरी होते आणि वाळल्यावरही तशीच राहते. परदेशात लोक काडीनं यावर अख्खी चित्रं काढतात. आमच्या वखारीच्या कपाटात एक वाळलेला तुकडा आहे, त्यावर भाचीनं रंकाळ्याचा संध्यामठ काढलाय. ठीकठाक आलाय.

दुसरी खूण पावडरीची. अळंबीच्या वर, खालच्या पानांवर, शेजारच्या कोळ्याच्या जाळ्यावर कोकोच्या रंगाची बारीक भुकटी साचलेली दिसली तर गॅनोडर्माची शक्यता फार मोठी. ते तिचे बीजाणू. गंमत अशी की ते सुटतात खालच्या छिद्रांतून आणि बसतात डोक्यावर, कारण हवेच्या झुळकीनं वर उचलले जातात. एका मोठ्या अळंबीतून दिवसाला ३० अब्ज बीजाणू सुटतात असा अंदाज आहे. पुष्कळजण ही भुकटी धूळ समजून पुसतात आणि मग फोटो काढतात. कृपा करून पुसू नका.

नख मात्र सगळीकडे लावायचं नाही. राधानगरी हे १९५८ पासूनचं अभयारण्य, तिथं काडीही मोडायची नाही आणि अळंबीला तर हातही लावायचा नाही. मी दाढी करायचा छोटा आरसा पिशवीत ठेवते. तो अळंबीखाली धरायचा आणि आरशातलं चित्र मोबाईलवर टिपायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा सोबतचे गाईड दादा हसले होते, "गवा बघायला लोक येत्यात, तुमी आरसा दाखवताय झाडाला!" पण त्याच आडव्या पडलेल्या झाडावर त्यांनाही एक गोष्ट बघायला मिळाली. जुन्या अळंब्या खोडावर उभ्या, एका कडेवर आलेल्या, आणि त्यांच्याच शेजारी नव्या अळंब्या जमिनीला समांतर. अळंबीची छिद्रं कायम खाली तोंड करून असतात, नाहीतर बीजाणू सुटायचे कसे? म्हणजे जुन्या आल्या तेव्हा झाड उभं होतं, नव्या आल्या त्या झाड पडल्यावर. झाड पडण्याआधीच आतून कुजत होतं हे असं उघड्यावर लिहिलेलं असतं. दादांनी मग पुढच्या दोन ओंडक्यांवर स्वतःच वाकून तपासलं.

घोटाळा होतो तो मुख्यतः फणसांब्याशी. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो. तान्ह्या मुलाची लाळ फार गळायला लागली की आमची आजी सहाणेवर उगाळायची. तो फणसाच्या खोडावर येतो, दगडासारखा कडक, वरून काळा आणि भेगाळलेला. त्याची खालची बाजू मुळातच तपकिरी, त्यामुळे नखाची पांढऱ्यावर तपकिरी अशी रेघ उमटत नाही. फणसावर आलेलं सगळं फणसांबाच असं मात्र समजू नका, गॅनोडर्माही फणसावर येतं. बाकीच्या सोप्या. चामड्यासारखी पातळ, वाकणारी, पट्ट्यापट्ट्यांची असेल तर ट्रॅमेटिस. वरून खालून सगळी नारिंगी-लाल असेल तर पिक्नोपोरस. अंगठ्याच्या नखाएवढी, वरून पांढरी केसाळ आणि खाली चिरा पडलेली ती शिझोफायलम, आमच्याकडे पावसात आंब्याच्या ओंडक्यांवर हमखास.

गॅनोडर्मानं खाल्लेलं लाकूड एकदा हातात घेऊन बघा. लाकडात सेल्युलोज असतं आणि त्याला ताठ ठेवणारं लिग्निन. गॅनोडर्मा दोन्ही खातं, लिग्निनही सोडत नाही. मागे राहतं ते फिकट, तंतुमय, ओलं असताना दाबलं तर दबणारं आणि वाळल्यावर विचित्र हलकं लाकूड. दुसऱ्या काही बुरश्या फक्त सेल्युलोज नेतात, तेव्हा लाकूड तपकिरी पडून चौकोनी ढेकळांत फुटतं आणि चिमटीत त्याची पूड होते. मामांना यातलं एकही नाव माहीत नाही. पण "पांढरी कूज" आणि "तांबडी कूज" हे दोन ढीग ते वेगळे लावतात.

आमचा एक मावसभाऊ गॅनोडर्माच्या कॅप्सूल विकतो, साखळी पद्धतीनं. त्याला वाटतं मी फुकटात कच्चा माल गोळा करते. चीनमधल्या औषधी जातीला २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंगझी असं वेगळं नाव मिळालं, आणि बाजारातला माल बहुतांशी शेड बांधून वाढवलेला असतो. रस्त्याकडेच्या गुलमोहरावरचं उपटून उकळून पिऊ नका, एवढंच त्याला सांगते. तो ऐकतो असं नाही.

गुलमोहरावरून आठवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना गुलमोहर आहे, त्याच्या बुंध्याशी दर पावसाळ्यात तांबूस चमकदार गॅनोडर्मा येतं. शेजारचे काका कोयता घेऊन तयार, खरवडून चुना लावला की संपलं म्हणतात. संपत नाही. बाहेर दिसतं ते फळ, बुरशी आत मुळांत आणि बुंध्यात पसरलेली. फळ काढून फक्त एक होतं, झाड धोक्यात आहे हे सांगणारी खूण जाते आणि पुढच्या वर्षी कुणाचं लक्ष राहत नाही. झाडाला आणखी घाव होतील असं काही करायचं नाही: गटारासाठी मुळं तोडणं, बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतणं, खिळे ठोकणं. वळवाच्या वाऱ्यात अशी झाडं मुळासकट पडतात, कारण धरून ठेवणारं लाकूडच उरलेलं नसतं. रीतसर परवानगी काढून आम्ही रस्त्यावर झुकलेल्या दोन जड फांद्या उतरवून घेतल्या, उरलेलं झाड अजून फुलतंय. त्याच्या खाली गाड्या लावू नका अशी पाटी मी लावलीय. काकांची स्कूटर रोज तिथंच असते.