डेंग्यूत पेशी मोजताय, पीसीव्ही बघितलं का?

डेंग्यू म्हटलं की सांगली-मिरजेत पेशंटच्या उशाशी एकच चौकशी: "पेशी किती?" पेशी म्हणजे प्लेटलेट. त्या लाखाखाली गेल्या की पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध सगळं सुरू होतं. पण पेशंट दगावतो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून रक्तदाब कोसळल्यामुळे. आणि या गळतीत विषाणूइतकाच हात आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो.

डेंग्यूचे प्रकार चार. एक होऊन गेला की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून काही महिनेच. पुढे वेगळा प्रकार आला की जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) अँटिबॉडी ओळखून विषाणूला गिळायला आत ओढतात आणि तो आतच वाढतो. मग सायटोकाइनचा, म्हणजे दाह वाढवणाऱ्या रसायनांचा, भडिमार होतो, विषाणूचं एनएस१ प्रथिनही रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल करतं. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त धोक्याचा. आईच्या अँटिबॉडी अंगात असलेल्या सहा-नऊ महिन्यांच्या बाळाला तर पहिलाच जड जाऊ शकतो.

गळती सुरू होते ती तापाच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, नेमका ताप उतरताना. घरचे निर्धास्त होतात तेव्हाच. पुढचे २४ ते ४८ तास सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टात पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते बघा. ३६ चं ४३-४४ झालं, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास वाढलं, आणि पेशी घसरताहेत, तर रक्त घट्ट होतंय. आधीच सलाइन चालू असेल तर ही वाढ झाकली जाते. सोबत पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर ॲडमिट करायचंच.

अशा वेळी सलाइन साधारण किलोमागे तासाला ५ ते ७ मिली. ४० किलोच्या माणसाला २०० ते २८० मिली. तासा-दोन तासांनी तपासून कमी करत आणायचं. बाटल्यांवर बाटल्या लावल्या तर पाझरलेलं पाणी परत रक्तात येतं तेव्हा फुप्फुसात साठतं. रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा बघून प्लेटलेट चढवण्यात फायदा नाही. तापाला पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन किंवा कमरेतलं डायक्लोफेनॅक नको, रक्तस्राव वाढतो.

जत-आटपाडीकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: ताप उतरल्या रात्री पोट दुखू लागलं तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका.