भामरागडच्या पुढे प्रौढांचे वर्ग घ्यायला जाताय? एप्रिल-मे विसरा

कालच परत आलोय, अंग अजून ठणकतंय, तरी लिहून टाकतो. उल्लासचे, म्हणजे प्रौढ साक्षरतेच्या सरकारी योजनेचे स्वयंसेवक म्हणून कोणी तिकडे गडचिरोलीत जाणार असेल तर आम्हाला जे सांगून पाठवलं त्यावर विश्वास ठेवू नका. म्हणे उन्हाळ्यात लोक रिकामे असतात आणि मराठी सगळ्यांना येतं. दोन्ही साफ खोटं! मार्च-एप्रिलला पहाटेपासून मोहफुलं वेचणं, मे लागला की तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, हातात रोख पैसा येतो तो याच दिवसांत, मग दुपारी वर्गाला येणार कोण? बाया रात्री जेवणं उरकून येतात, दिवसभर पानं तोडून पुडे बांधलेले असतात, बसल्या बसल्या डोळे मिटतात.

वयस्कर बाया माडिया ही त्यांची आदिवासी भाषाच बोलतात. गावातली बारावी झालेली पोरगी शोधा आणि तिलाच शिकवू द्या, आपण मागे बसायचं.

आलापल्ली ते भामरागड एसटीने निघतं. त्यापुढची जीप म्हणजे लूट. अख्ख्या गाडीचं भाडं आमच्याकडून घेतलं, वाटेत आणखी माणसं कोंबली, त्यांच्याकडूनही पैसे घेतले आणि नाल्याच्या अलीकडेच उतरवलं. पुढे भर उन्हात दगडगोट्यांतून पुस्तकांचे खोके डोक्यावर. म्हणून भाडं ठरवताना गावाचं नाव सांगून थांबू नका, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे ते आधी वदवून घ्या, आणि अर्धे पैसे उतरल्यावरच द्या.

पण एका रात्री एक बाई फळीचं, म्हणजे तेंदूपत्ता जमा करतात त्या केंद्राचं कार्ड घेऊन आली. धडा बाजूला ठेवला, तेच कार्ड वाचायला घेतलं. 70 पानांचा एक पुडा, रोज किती पुडे दिले ते फळीवरचा मुन्शी लिहितो. तिने एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचलं आणि मंगळवारच्या ओळीवर थांबली, तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळीवर जाऊन नोंद करून घेतली तिने! त्याच दिवशी रात्री वर्गाला बसायला जागा नव्हती. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि 2006 च्या वनहक्क कायद्यामुळे कित्येक ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात, हिशोब यायलाच हवा. उल्लासची परीक्षा 150 गुणांची, त्यात संख्याज्ञानाला 50, ते या कार्डावरच शिकवा.

जुलै-ऑगस्टही नको, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच तुटतं. धान निघाल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी जा. उल्लासच्या ॲपवरची कामं भामरागडलाच उरका, पुढे आम्हाला नेटवर्क मिळालं नाही. आणि चार्जिंगचे दिवे दोन तरी घ्या.