एकोणिसावा दिवस, पाचवा दिवस

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या दोनशेहून थोड्या जास्त आहेत. त्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता मी ऐंशीव्या पायरीच्या आसपास बसले होते आणि मला उठवत नव्हतं. नुसता दम लागला असता तर दोन मिनिटांत बसला असता. पण कानात ठोके ऐकू येत होते आणि मांड्या जड झाल्या होत्या. कमरेला स्वेटर बांधलेले सत्तरीचे एक आजोबा माझ्या शेजारून सरळ वर गेले. बऱ्याच वेळाने ते खाली उतरले, तरी मी तिथेच होते.

"नाश्ता केला नाही का बेटा?" त्यांनी विचारलं.

"केलाय काका."

"मग सावकाश चढ. डोंगर कुठं पळून जात नाही."

इतक्या मायेने विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की आज माझा एकोणिसावा दिवस आहे? मी हसले, पाणी प्यायले आणि ते दिसेनासे झाल्यावर खाली उतरले. लेणी राहून गेली.

मला बीटा थॅलेसेमिया मेजर आहे. तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला जो बीटा ग्लोबिन हा प्रथिनाचा भाग लागतो, तो माझ्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. त्यामुळे पेशी धड बनत नाहीत, आणि दर एकवीस दिवसांनी मला दोन पिशव्या रक्त घ्यावं लागतं. मी आठ महिन्यांची असल्यापासून हे चालू आहे. आता मी छत्तीस वर्षांची आहे. म्हणजे सहाशेच्या आसपास वेळा मी रक्त घेतलंय. प्रत्येक वेळी कुणाचं, ते मला कधीच कळलेलं नाही.

म्हणून आमच्या घरात एक वेगळं कॅलेंडर चालतं. रक्त घेतलं तो शून्य दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दहाव्या-अकराव्यापर्यंत मी कुणाही माणसासारखी असते. पंधराव्यानंतर जिना जाणवायला लागतो. अठराव्यापासून केस विंचरताना हात वर धरवत नाहीत. आई फोनवर "कशी आहेस" असं विचारत नाही. ती एकच शब्द विचारते, "कितवा?" आणि आकडा ऐकला की तिला बाकीचं सगळं कळतं.

मी पुण्यात एका फर्ममध्ये इंटर्नल ऑडिटचं काम करते. स्टॉक मोजायचा, व्हाउचरं तपासायची, गोदामातला माल आणि रजिस्टरमधला आकडा जुळतो का ते पाहायचं. हे काम पुण्यात बसून होत नाही. आधीच्या नोकरीत साहेबांनी एक दिवस मला बाहेरगावच्या कामांच्या यादीतून काढून टाकलं. "तुझ्या भल्यासाठीच," म्हणाले. मला विचारलंसुद्धा नव्हतं. त्या वर्षी माझ्याबरोबर लागलेल्या दोघांना बढती मिळाली, कारण त्यांच्याकडे चार गावांच्या फायली होत्या आणि माझ्याकडे एकाच इमारतीच्या. तो राग अजून गेलेला नाही. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यातल्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे तिन्ही रक्तविकार आहेत. कायद्यात नाव आलं म्हणून साहेबांच्या मनातली भीती जात नाही हे मला कळतं. पण निदान बोलणी कुठून सुरू करायची ते ठरतं. सध्याच्या नोकरीत मी पहिल्याच आठवड्यात एक तक्ता करून दिला. कुठल्या तारखांना मी शिडी चढून माल मोजू शकते, कुठल्या तारखांना फक्त टेबलावरचं काम घेईन आणि कुठल्या एका दिवशी अजिबात नसेन. मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं स्पष्ट तर बाकीचे कुणी सांगत नाहीत."

तर जानेवारीत नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्याचं तीन आठवड्यांचं काम आलं. मी बाराव्या दिवशी, रविवारी, वाकडेवाडीहून नाशिकची बस पकडली. नारायणगाव, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. सिन्नर सोडल्यावर हवा बदलते आणि खिडकी लावून घ्यावी लागते. नाशिकची जानेवारीतली थंडी आणि माझ्या शिरा यांचं जमत नाही. गारठ्यात शिरा आत जातात आणि सुई लावताना तीन-तीनदा टोचावं लागतं. बॅगेत गरम पाण्याची पिशवी होती ती त्यासाठीच.

खरं कारण सांगायचं तर नाशिक मी मागून घेतलं होतं. सहावीत असताना शाळेची सहल नाशिक-त्र्यंबकला गेली होती. दोन मुक्काम. तेव्हा मला रात्री पंप लागायचा. पोटाच्या कातडीखाली सुई, तिला जोडलेला छोटा पंप, आणि त्यातून आठ-दहा तास अंगातलं जास्तीचं लोह बाहेर काढणारं औषध हळूहळू आत जायचं. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. दान मिळालेल्या रक्ताच्या एका पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात आणि हृदयात साठत जातं. रक्त नसलं तर लगेच त्रास होतो. साठलेलं लोह मात्र वर्षानुवर्षं गप्प राहून घात करतं. आई दोन रात्रींचा खाडा करायला तयार नव्हती आणि बाई चाळीस मुलींमध्ये पंपाची जबाबदारी घ्यायला तयार नव्हत्या. कुणाचंच चुकलं नव्हतं. मैत्रिणीने नाशिकच्या चिवड्याची पुडी आणून दिली. मी ती आठवडाभर पुरवून खाल्ली.

आता पंप नाही, गोळ्या आहेत. सकाळी अनशापोटी पाण्यात ढवळून घ्यायच्या आणि अर्धा तास काही खायचं नाही. लॉजच्या खोलीत रोज सहा वाजता मी ग्लासात चमचा फिरवत बसायचे. खाली मिसळवाल्याकडे तर्रीचा वास सुटलेला असायचा. साडेसहाला जाऊन बसलं की मिसळ, पापड, दही आणि लगोलग चहा. खाण्याबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. म्हणून इतरांना डॉक्टर ज्या सवयीबद्दल रागावतात, ती मला मुद्दाम लावून दिलेली आहे.

रविवारी डोंगरावरून परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त माझ्या रक्ताशी जुळतं का ते बघण्यासाठी, नमुना दिला आणि तिथूनच कामावर गेले. आपलं नेहमीचं हॉस्पिटल सोडून दुसरीकडे रक्त घेणं ही माझ्यासाठी सगळ्या प्रवासातली अवघड पायरी आहे. पुण्याच्या वॉर्डात माझी कुठली शीर चालते तेसुद्धा सगळ्यांना पाठ आहे. इथे मी अनोळखी. म्हणून महिनाभर आधी फोन केला होता, डॉक्टरांचं पत्र घेतलं होतं. त्यात रक्तगट, गेल्या वेळी कधी आणि किती रक्त घेतलं, कधी रिअॅक्शन आली होती का, अँटिबॉडी तपासणीचा निकाल आणि पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लागतो ही सूचना, असं सगळं. इतक्या माणसांचं रक्त घेतलेल्या शरीरात परक्या रक्तपेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी तयार होऊ शकतात. मग नुसता रक्तगट जुळून भागत नाही. तुमच्यापैकी कुणाला असंच काही असेल आणि प्रवासाला निघायचं असेल, तर कपडे नंतर भरा. फाईल आधी, आणि तिची एक प्रत फोनमध्ये. ताप आला तर थेट कुठे जायचं तेही आधी ठरवून ठेवा. आमच्यासारख्यांनी ताप अंगावर काढायचा नसतो.

या भीतीला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका दुसऱ्या गावी कामाला गेले होते. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, रक्तदान शिबिरं होत नाहीत, रक्तपेढ्यांमध्ये रक्त कमी असतं. उद्या या, परवा या, करत सहा दिवस गेले. सत्ताविसाव्या दिवशी हिमोग्लोबिन ७.१ होतं. बाबा रात्रीच्या गाडीने येऊन मला घेऊन गेले. त्यानंतर दोन वर्षं मी बाहेरगावचं काम मागितलं नाही. म्हणजे साहेबांनी जे केलं होतं, तेच मी स्वतःशी केलं.

नाशिकला मंगळवारी सकाळी नऊ वाजता खाट मिळाली. हिमोग्लोबिन ९.१. सिस्टर कळवणकडच्या होत्या. गरम पिशवी हातावर ठेवून दहा मिनिटं थांबल्या आणि पहिल्या टोचणीत शीर सापडली. "मूठ सैल सोड ताई, झालं." पिशवीवर रक्त गोळा केल्याची तारीख असते, ती मी नेहमी वाचते. दोन्हींवर १२ जानेवारी होती. जिजाऊ आणि विवेकानंदांची जयंती. त्या दिवशी आपल्याकडे गावोगाव शिबिरं असतात. कुठल्या तरी मांडवात सतरंजीवर रांग लागली असेल, बिस्किटाचे पुडे वाटले असतील, कुणी तरी पहिल्यांदाच हात पुढे केला असेल. आठ दिवसांनी ते रक्त माझ्या हातात उतरत होतं. दुपारी खाटेवरच लॅपटॉप उघडून मी खरेदीच्या नोंदी तपासल्या. संध्याकाळी पाचला बाहेर पडले तेव्हा थंडी वाजत नव्हती.

बुधवारी कारखान्यातल्या अकाउंट्सच्या मुलाने विचारलं, "मॅडम, काल बरं नव्हतं का?" मे महिन्यात त्याचं लग्न होतं. त्याला मी नीट सांगितलं. माझे आई-बाबा दोघंही थॅलेसेमियाचे वाहक आहेत, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही. दोघांनाही काहीच त्रास नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही. असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताच्या एका तपासणीत कळतं. तिचं नाव एचपीएलसी, त्यात हिमोग्लोबिनचा ए-टू हा प्रकार किती आहे ते बघतात. त्याने नाव कागदावर लिहून घेतलं. शुक्रवारी येऊन म्हणाला, "दोघांचीही दिली मॅडम." त्या तीन आठवड्यांतलं माझं सगळ्यात मोलाचं काम तेच असावं. ऑडिटच्या अहवालात ते कुठे येणार नाही.

शनिवारी, चौथ्या दिवशी, निफाडच्या बाजूला नांदूरमधमेश्वरला गेले. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणथळ. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. सपाट जागा आहे. पुढच्या वेळी अठराव्या-एकोणिसाव्या दिवसासाठी राखून ठेवेन. जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून अगदी जवळ येतात आणि चक्रवाक जोडीजोडीने पाण्यावर बसलेले असतात.

आणि रविवारी, पाचव्या दिवशी, पुन्हा पांडवलेणी. ऐंशीवी पायरी कधी गेली ते कळलं नाही. शंभराव्याच्या पुढे एकदा थांबले, तेही खाली फाळके स्मारकाची बाग आणि महामार्ग बघायला. वर पोचले तेव्हा घाम आला होता. तो घामसुद्धा मला आवडला. एकोणिसाव्या दिवशी येतो तो गार असतो.

एकूण चोवीस लेणी आहेत. तिसऱ्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, प्रसिद्ध शिलालेख आहे. तिथे गर्दी होती. मी दहाव्यात गेले. हे लेणं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलं. ओसरीच्या भिंतीवर त्याच्या दानाचा लेख आहे. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण मजकूर मी आदल्या रात्री वाचून गेले होते, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे २०००, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. २००० वर महिना एक टक्का म्हणजे वीस, वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. तंतोतंत. पुढे असंही म्हटलंय, की ही मुद्दल परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीची ठेव, व्याजाचा दर, लाभार्थी, जाहीर वाचन आणि नोंद. गेल्या पंधरवड्यात सातपूरला मी पाहिलेल्या कितीतरी फायलींपेक्षा हा दगड स्वच्छ होता. त्या ओसरीत मी बराच वेळ बसले. माझ्याकडे कधी मुद्दल नव्हतीच, असं एकदा वाटून गेलं. दर एकवीस दिवसांनी कुणी तरी नव्याने ठेव ठेवतं आणि मी ती खर्चून टाकते. मग पुन्हा वर बघून वीस गुणिले बारा केले.

तेवढ्यात फोन वाजला.

"कितवा?"

"पाचवा. पांडवलेण्यांत आहे, वर."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथून त्र्यंबक किती लांब आहे गं?"

"एसटीने तासभर."

"मग जाऊन ये ना. तेव्हाचं राहिलंय."

खाली उतरून एक ग्लास ताक प्यायले, रिक्षाने सीबीएस बसस्थानक गाठलं. त्र्यंबकची गाडी लागलेलीच होती. रविवार असून आत जागा होती. मी डावीकडची खिडकी धरली. अंजनेरी त्या बाजूला लागते.