तुम्ही विचारलंत म्हणून: वही शिवायला काय काय विकत आणू?

पर्समधून वही काढली की कुणीतरी विचारतंच. बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते, सोसायटीतल्या मुली विचारतात. परवा नाशिकच्या गंगापूर रोडला दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसले होते, तर कॉलेजातली एक मुलगी जवळ सरकली. "काकू, ही तुम्ही घरी केलीत? मलापण करायची आहे. सुरुवातीला काय काय विकत आणू?" मोबाइलवर तिची यादी तयारच होती. कापायची चटई, घडी दाबायची पट्टी, मेण लावलेला परदेशी दोरा, रंगीत जाड कागद. बेरीज चौदाशेच्या वर जात होती.

"आधी काहीच आणू नकोस," एवढं मी म्हणाले आणि तिचं नाव पुकारलं. उत्तर अर्धंच राहिलं. ते पुरं करायला हे लिहिते आहे, कारण तिच्यासारखंच विचारणारे बरेच आहेत आणि प्रत्येकाच्या मनात पहिली यादी खरेदीचीच असते.

आधी घरातले कागद बाहेर काढा. सगळे. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं, ऑफिसातून आलेले पाठकोरे ए-फोर, कॅलेंडरं, लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, रायटिंग पॅड संपल्यावर उरलेला मागचा पुठ्ठा. एप्रिलात वह्यांची उरलेली पानं फाडून जूनसाठी रफ वही शिवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. ज्यांनी ती बघितली आहे त्यांना मी नवीन काहीच सांगत नाही.

माझ्या घरी ते काम वडील करायचे. नानांची दिंडोरीकडे द्राक्षाची बाग होती आणि बागेची वही ते स्वतः शिवत. खताच्या दुकानातून दिवाळीला कॅलेंडर मिळायचं, पुढे देवाचं गुळगुळीत चित्र आणि मागची बाजू कोरी. वर्ष सरलं की नाना ते चित्र आत दुमडत आणि कोरी बाजू लिहायला घेत. दोरा खताच्या पोत्याचा. पोत्याच्या तोंडाची शिलाई साखळीटाक्याची असते. बरोबर टोक सापडलं तर एका झटक्यात सर्रकन सगळी उसवते, चुकीच्या टोकाने ओढलं तर गाठच बसते. ते टोक शोधायचं काम माझं होतं. निघालेला दोरा नाना काडेपेटीवर गुंडाळून ठेवत. वहीत ऑक्टोबरची गोडी छाटणी, एप्रिलची खरड छाटणी, कुठल्या दिवशी कुठली फवारणी, पाण्याची पाळी, मजुरांचे खाडे, सगळं असायचं. भुरी, म्हणजे वेलीवरची पांढरी बुरशी, दिसली तर तारखेखाली दोन रेघा. त्या वह्या माझ्याकडे आहेत. कागद तपकिरी झाला, काही कडा तुटल्या, पण टाका कुठेही सुटलेला नाही.

मी स्वतः करायला लागले तेव्हा मात्र मला पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, दुकानातल्यासारखी वही हवी होती. ऐन श्रावणात पहिली केली. ब्लाउजपीसचं कापड, जाड पुठ्ठा, आत सुंदर शिवलेली पानं. रात्री चिकटवली आणि सकाळी बघते तर पुठ्ठा पापडासारखा वळलेला. दुसरी केली, तीही वळली. मी फेव्हिकॉल बदलला, पुठ्ठा बदलला, पंख्याखाली वाळवून बघितलं. शेवटी दोन्ही वह्या घेऊन रविवार कारंज्याजवळच्या एका बाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पिशवीतला एक कागद घेतला, उभा फाडला, मग आडवा फाडला आणि दोन्ही तुकडे माझ्यासमोर ठेवले. एक सुतात फाटला होता, दुसरा वेडावाकडा, दातेरी.

"कापडाला उभा-आडवा धागा असतो ना, तसा कागदालापण असतो," ते म्हणाले.

मला कुणी विचारलं की वही शिकायची म्हणजे काय शिकायचं, तर मी हेच सांगते. गिरणीत कागद तयार होतो तेव्हा लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि त्यातले तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने लोळतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात, मी उभा धागाच म्हणते. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, अलगद दुमडतो. ओल लागली की तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात, म्हणून कागद धाग्याच्या आडव्या बाजूला पसरतो. पुठ्ठ्याचंही तेच. कागदाचा धागा एकीकडे, पुठ्ठ्याचा दुसरीकडे आणि त्यात आपली मैद्याची ओली खळ, मग वही वळणारच. वहीतल्या प्रत्येक गोष्टीचा धागा पाठीला समांतर हवा. पानांचा, कव्हरचा, आतून लावलेल्या कागदाचा, पुठ्ठ्याचा.

ओळखायचं कसं? कागद घडी न पाडता हातात नुसता वाकवून बघा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो त्या घडीला धागा समांतर असतो. बोटांना कळेना तर टोकाचा एक चौकोनी तुकडा कापा आणि एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. क्षणात त्याची सुरळी होऊ लागते. सुरळीची नळी ज्या दिशेने लांब, तोच धागा. मुलांना हे दाखवलं की घरातल्या सगळ्या कागदांचे तुकडे ओले होतात, तेवढी तयारी ठेवा.

आता ए-फोरची गंमत. आपल्याकडे मिळणाऱ्या ए-फोर कागदाचा धागा बहुतेक वेळा लांब बाजूने, म्हणजे 297 मिलिमीटरच्या बाजूने असतो. सगळे जण करतात तसा तो मधोमध दुमडला तर घडी धाग्याच्या आडवी येते. वही होते, पण फुगीर राहते आणि पानं नीट पडत नाहीत. त्यापेक्षा कागद आधी आडवा कापून दोन तुकडे करा आणि मग प्रत्येक तुकडा दुमडा. साधारण 105 बाय 148 मिलिमीटरची खिशातली वही मिळते आणि धागा आपोआप पाठीला समांतर येतो. म्हणून पहिली वही मी सगळ्यांना लहानच करायला सांगते.

हातकागदाला अशी ठळक दिशा नसते, कारण तिथे लगदा चौकटीत घेऊन हाताने दोन्हीकडे हलवतात. जुन्नर, दौलताबादजवळचं कागझीपुरा ही आपल्याकडची हातकागदाची जुनी गावं. पुण्यात 1940 मध्ये हातकागद संस्था सुरू झाली, तीही याच कामासाठी. हा कागद सुती चिंध्यांपासून होतो, शिंप्याकडच्या कापलेल्या तुकड्यांपासून. टाकाऊतून वही करणं हे आपण नव्याने काढलेलं खूळ आहे असं कुणी म्हणालं की मला या चिंध्या आठवतात.

तर पहिली वही. कापलेले आठ तुकडे घ्या, दुमडा, घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवा आणि एकात एक बसवा. हा झाला एक फर्मा, सोळा पानांचा. आठापेक्षा जास्त घेतले तर आतली पानं कडेने बाहेर डोकावतात. बाहेरून कव्हर म्हणून लग्नपत्रिकेचा किंवा मिठाईच्या खोक्याचा कागद, धागा बघूनच. आता फर्मा उघडून जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत ठेवा आणि घडीवर कंपासपेटीतल्या कर्कटकाने तीन भोकं पाडा. एक मधे, दोन टोकांपासून दोन-दोन सेंटिमीटर आत. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा, म्हणजे तो गुंतत नाही. गोधडीचा दोरा उत्तम. शिवणयंत्राचा बारीक दोरा कागद कापतो, तो नको.

सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. टोक बोटभर आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकात आत जा. आता आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा. बाहेरून परत मधल्या भोकात आत. दोरा ओढायचा तो पाठीच्या दिशेने, पानाला काटकोनात ओढला तर भोक फाटतं. आता दोन्ही टोकं आत आहेत आणि मधे एक लांब टाका आहे. एक टोक टाक्याच्या डावीकडे, एक उजवीकडे ठेवून त्याच्यावर गाठ मारा, एकदा उजवं डाव्यावर, एकदा डावं उजव्यावर. कडा कटरने सरळ करा. झाली वही, अर्ध्या तासात. पहिल्यांदा ती हातात पूर्ण सपाट उघडते तेव्हा माणसं गप्प होतात, हे मी पुष्कळदा बघितलं आहे.

पाठकोऱ्या कागदांची छापील बाजू दिसू नये असं वाटत असेल तर दुसरी रीत आहे, जपानी बांधणीतली. प्रत्येक तुकडा छापील बाजू आत घेऊन दुमडायचा, घडी उघडायच्या बाजूला ठेवायची आणि सुट्या कडा पाठीकडे आणून कडेने टाके घालायचे. सगळी पानं कोरी दिसतात. पण ही वही सपाट उघडत नाही, म्हणून पाठीकडे दीड सेंटिमीटर जागा सोडून लिहावं लागतं. हिशोबाला, किराण्याच्या यादीला चांगली. मनातलं लिहायला मला पहिलीच आवडते.

पुठ्ठ्याच्या वहीकडे चार-पाच साध्या वह्या झाल्यावर वळा. द्राक्षांच्या खोक्यांचा पुठ्ठा नाशिकमध्ये वाटेल तेवढा मिळतो, पण त्याच्या पोटात पन्हाळीसारख्या नळ्या असतात, तो दबतो. पॅडच्या मागचा घट्ट पुठ्ठा घ्या. चिकटवायला मी खळच वापरते. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. फेव्हिकॉल पटकन धरतो, खळ आपल्याला कागद सरकवून नीट बसवायला वेळ देते. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. नाना द्राक्षाच्या डाउनी रोगावर फवारायच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर घालत ते हेच मोरचूद. ते विषारी आहे, घरात घालू नका. खळ थोडीच करा, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पातळ कापडातून ती वर उमटते, म्हणून कापडाला आधी मागून पातळ कागद लावून वाळवा. आणि बाहेरून जे लावलं तेवढंच आतूनही लावायचं, मग वही रात्रभर वजनाखाली. आमच्याकडे पाटा आहे. पावसाळ्यात दोन रात्री.

काही गोष्टी मी वापरत नाही. वर्तमानपत्राचा कागद वर्षभरात पिवळा पडून ठिसूळ होतो. सेलोटेप वाळून सुटतो आणि डाग मागे ठेवतो. स्टेपल नाशिकच्या पावसात गंजते. झेरॉक्सच्या दुकानातले वाया गेलेले कागद तर फुकट मिळाले तरी घेत नाही, त्यात कुणाचं आधारकार्ड असतं, कुणाचा सातबारा. आपल्या घरचेही बँकेचे कागद आधी वेगळे काढा.

लग्नपत्रिकांची पाकिटं होतात, खुणेच्या पट्ट्या होतात, ते तुम्हाला सुचेलच. पत्रिकेवरच्या गणपतीबद्दल मात्र सांगते. तो रद्दीत टाकवत नाही म्हणून कपाटात गठ्ठे साठतात. मी तो कडेने कापून वहीच्या पहिल्या पानावर लावते. दिवाळीच्या चोपडीवर आधी श्री लिहितात, तसा.

दवाखान्यातल्या त्या मुलीच्या यादीतलं घ्यायचंच असेल तर एक चांगला कटर आणि स्टीलची पट्टी घ्या, शंभर-दीडशेत भागतं. दोरा कमी पडला तर माझ्याकडे या. खताच्या पोत्यांचा अजून दोन काडेपेट्या शिल्लक आहे.